वनौषधींची वाळवण आणि औषधाची शुद्धता

भंडारा जिल्हा भात व तलाव यांसाठी प्रसिद्ध आहे; परंतु येथील वनांत हिरडा, बेहडा व आवळा हे वृक्षही आढळतात. या तीन फळांपासूनच त्रिफळाचूर्ण तयार होते. काढा उकळून घेतला जातो. चूर्ण मात्र कोमट पाण्याबरोबर तसेच घेतात. सबब, वाळवणीच्या वेळी फळांस लागलेले रोगजंतू चूर्णावाटे थेट रोग्याच्या पोटात जाण्याचा संभव असतो. औषध घेणारा मनुष्य आधीच अशक्त असतो, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

दोष कोठे शिरतो?

शेणाने सारवलेले अंगण आपणांस स्वच्छ वाटते. परंतु शेणात ई. कोलाय व साल्मोनेला यांसारखे जंतू असू शकतात. गुरे-कोंबड्यांचा वावर व गढूळ पाणी यांमुळेही तेच घडते. अर्धवट सुकलेला माल पोत्यात भरल्यास बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात व त्याने यकृतास अपाय होतो. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. हे विष साध्या उकळण्याने नष्ट होत नाही. म्हणून बुरशीचा माल पुन्हा उन्हात घालून किंवा दळून निर्दोष होत नाही.

भारतीय आयुर्वेदिक औषधकोशानुसार एक ग्रॅम औषधात जिवाणूंची एकूण गणना १,००,००० हून व बुरशी-यीस्टची १,००० हून अधिक नसावी, ई. कोलाय व साल्मोनेला तर मुळीच नसावेत. कारखान्यातील स्वच्छतेसाठी २००० साली नियम झाले. परंतु अंगणात शिरलेले विष कारखान्यात निघत नाही.

संकलकांनी काय करावे?

१. पक्व व निरोगी फळेच घ्यावीत. किडकी व कुजलेली बाजूस काढावीत.
२. फळे स्वच्छ पाण्याने धुऊन निथळू द्यावीत. आवळ्याची बी काढून फोडी कराव्यात.
३. जमिनीपासून उंच मांडलेल्या, धुतलेल्या बांबूच्या तट्ट्यांवर पातळ थर पसरावा व तो वरचेवर हलवावा. रात्री दव पडण्यापूर्वी माल झाकावा.
४. फोड वाकविताच कट्कन मोडली, म्हणजे ती वाळली असे समजावे.
५. कोरड्या, नव्या पोत्यांत माल भरून ती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. खताची पोती कटाक्षाने वर्ज्य करावीत.
६. पावसाळ्यात पोती वरचेवर तपासावीत. कुबट वास किंवा बुरशी दिसल्यास तो माल विकू नये. गुरांसही घालू नये.

ग्राहकांनीही परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख व मुदत पाहूनच सीलबंद चूर्ण घ्यावे. डबीत ओला चमचा घालू नये व झाकण घट्ट लावावे.

वनातून आणलेल्या फळाचे औषध होईपर्यंत ते अनेक हातांतून जाते. त्यांतील पहिला हात आपला आहे. तो दक्ष राहिला, तर रोग्यास गुण येईल आणि भंडाऱ्याच्या मालाचा लौकिकही वाढेल.