कॅचरची किंमत : आकडे आणि गुडघे

क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाच्या फलंदाजीकडे पाहण्याची दृष्टी गेल्या काही दशकांत पार बदलली. स्टंपमागे चोख काम करावे आणि सातव्या-आठव्या क्रमांकावर जमतील तेवढ्या धावा कराव्यात, एवढीच अपेक्षा त्याच्याकडून एके काळी असे. अ‍ॅडम गिलख्रिस्ट आणि महेंद्रसिंग धोनी यांनी ती अपेक्षा कायमची वाढवून ठेवली. बेसबॉलमध्ये यष्टिरक्षकाशी नाते सांगणारा खेळाडू म्हणजे कॅचर. तिथे मात्र परिस्थिती अजूनही जुन्या वळणाची आहे. उत्तम फलंदाजी करणारा कॅचर दुर्मीळ असतो आणि जो असतो, तोही रोज मैदानात उतरू शकत नाही. या दुर्मीळतेचे मोल नेमके किती, हा प्रश्न अमेरिकेतील ‘फँटसी बेसबॉल’ खेळणाऱ्यांना दर वसंतात छळतो.

फँटसी क्रीडाप्रकार भारतीयांना क्रिकेटमुळे परिचित आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, तेव्हा त्याची भरपूर चर्चाही झाली. अमेरिकेतील या खेळाचा मूळ प्रकार मात्र एका सामन्याचा नव्हे, तर अख्ख्या मोसमाचा आहे. डॅनियल ओक्रेंट या पत्रकाराने १९८० मध्ये काही मित्रांसह तो सुरू केला. ही मंडळी न्यूयॉर्कमधील ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ या उपाहारगृहात जमत, म्हणून त्याला ‘रोटिसरी’ हे नाव पडले. प्रत्येक संघमालकाने २६० डॉलरच्या मर्यादेत लिलावातून २३ खेळाडू घ्यायचे आणि त्यांनी प्रत्यक्ष सामन्यांत केलेल्या कामगिरीची मोसमभर बेरीज करायची, अशी ही पद्धत आहे. फलंदाजांसाठी सध्या प्रचलित असलेले निकष पाच आहेत : सरासरी, होमरन, स्वतःच्या फटक्यावर साथीदारांना घरी आणून मिळवलेल्या धावा म्हणजे आरबीआय, स्वतः पूर्ण केलेल्या धावा आणि बेसचोरी.

तुलना कोणाशी?

कॅचरचे मूल्यमापन करताना नवखा संघमालक पहिली चूक करतो, ती त्याची तुलना इतर फलंदाजांशी करण्याची. वीस होमरन मारणारा पहिल्या बेसवरचा खेळाडू साधारण समजला जातो. तेवढेच होमरन मारणारा कॅचर मात्र लिलावात भाव खातो. याचे कारण जागेच्या नियमात आहे. पारंपरिक पद्धतीत प्रत्येक संघाला दोन कॅचर घ्यावेच लागतात. बारा मालकांची लीग असेल तर चोवीस कॅचर विकले जातात आणि मेजर लीगमध्ये संघ आहेत तीसच. म्हणजे शेवटच्या मालकाच्या वाट्याला जो कॅचर येतो, तो बहुधा बेताचीच फलंदाजी करणारा असतो. एखाद्या कॅचरची खरी किंमत त्याच्या एकूण आकड्यांवर ठरत नाही. या चोविसाव्या कॅचरपेक्षा तो किती सरस आहे, त्या अंतरावर ती ठरते. ज्या लीगमध्ये एकच कॅचर पुरतो, तिथे बाराव्या क्रमांकाचा कॅचरही बऱ्यापैकी असतो, हे अंतर घटते आणि साहजिकच किंमतही उतरते.

मोसमाचा हिशेब

दुसरी बाब खेळण्याच्या वेळेची. मेजर लीगचा मोसम १६२ सामन्यांचा असतो आणि कॅचर प्रत्येक सामन्यात सुमारे दीडशे चेंडू उकिडवे बसून घेतो. गुडघे, बोटे, खांदा आणि डोके यांवर पडणारा हा भार पाहता बहुतेक संघ आपल्या प्रमुख कॅचरला ११० ते १३० सामन्यांपलीकडे त्या जागेवर उभे करत नाहीत. रात्रीच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी सामना असेल, तर राखीव कॅचरची पाळी ठरलेलीच. शिकागो कब्जच्या रँडी हंडलीने १९६८ च्या मोसमात तब्बल १६० सामन्यांत कॅचरचे काम केले होते. तो विक्रम आजही अबाधित आहे आणि तो मोडावा असे कोणत्याही प्रशिक्षकाला वाटत नाही.

या विश्रांतीचा परिणाम आकड्यांवर कसा होतो, हे साध्या त्रैराशिकाने कळते. दर वीस संधींमागे एक होमरन मारणाऱ्या कॅचरला ५०० संधी मिळाल्या तर २५ होमरन होतील. ३५० मिळाल्या तर जेमतेम १७ किंवा १८. सरासरीचे गणित मात्र जरा निराळे आहे, कारण तिथे संधींची संख्या वजनासारखी काम करते. समजा, एका फँटसी संघाच्या मोसमभरात ६,००० संधी होतात आणि संघाची सरासरी ०.२७० आहे. त्यात ०.२१० सरासरीचा कॅचर ५०० संधी घेऊन गेला, तर संघाला सुमारे ३० हिट कमी पडतात. तोच ३०० संधी घेऊन थांबला, तर १८. म्हणजे कमकुवत फलंदाज अधिक खेळला, की होमरन आणि आरबीआय थोडे वाढतात, पण सरासरी घसरते. दुसऱ्या जागेसाठी एक डॉलरचा कॅचर निवडताना अनुभवी मालक म्हणूनच केवळ ‘रोज खेळतो’ एवढ्यावर भाळत नाहीत.

आठवड्याची लीग आणि रोजची लीग यांतही फरक आहे. संघ आठवड्यातून एकदाच जाहीर करायचा असेल, तर कॅचर बसलेल्या दिवसांचे नुकसान मुकाट्याने सोसावे लागते. रोज बदल करता येत असेल, तर विश्रांतीच्या दिवशी दुसरा कॅचर उतरवून ती तूट थोडीफार भरून काढता येते.

वेळ कोण ठरवतो?

कॅचरला किती संधी मिळतील, याचा अंदाज घेताना चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, त्याच्या मागे उभा असलेला राखीव कॅचर. काही पिचर विशिष्ट कॅचरलाच चेंडू टाकणे पसंत करतात. अटलांटा ब्रेव्हजमध्ये हावी लोपेझसारखा दणकेबाज कॅचर असताना ग्रेग मॅडक्सच्या सामन्यांत अनेकदा एडी पेरेझ दिसे. लोपेझचे त्या दिवसाचे आकडे शून्य, हे ओघानेच आले.

दुसरी, विश्रांतीच्या दिवशी फलंदाजी करण्याची सोय. अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून ‘डीएच’ म्हणजे क्षेत्ररक्षण न करता केवळ फलंदाजी करणारा खेळाडू असतो. नॅशनल लीगनेही २०२२ मध्ये ती पद्धत कायमची स्वीकारली. कॅन्सस सिटीच्या साल्वाडोर पेरेझने २०२१ मध्ये १६१ सामने खेळून ४८ होमरन मारले आणि १२१ आरबीआय मिळवले. सिअ‍ॅटलच्या कॅल रॅलेने २०२५ मध्ये १५९ सामन्यांत ६० होमरन मारून कॅचरचा तो विक्रम मागे टाकला. या दोघांनीही गुडघ्यांच्या विश्रांतीचे कितीतरी दिवस डीएच म्हणून सत्कारणी लावले होते.

तिसरी गोष्ट क्षेत्ररक्षणाची. फँटसीच्या गुणतक्त्यात तिला शून्य गुण आहेत, पण संधी तिच्यावरच अवलंबून असतात. कडेचा चेंडू अलगद झेलून पंचाकडून स्ट्राइक मिळवण्याची कला, ज्याला ‘फ्रेमिंग’ म्हणतात, तिच्या जोरावर कित्येक सुमार फलंदाज वर्षानुवर्षे टिकले. २०२६ च्या मोसमापासून स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राच्या साह्याने आव्हान देण्याची पद्धत मेजर लीगने स्वीकारली. पंचाची चूक दुरुस्त होऊ लागली, की या कलेचे मोल काही अंशी कमी होणार. बॅटच्या बळावर जागा मागणाऱ्या कॅचरांच्या दृष्टीने ही दखलपात्र घटना आहे.

चौथी गोष्ट पात्रतेची. आदल्या मोसमात ठरावीक सामने, बहुतेक ठिकाणी वीस, कॅचर म्हणून खेळलेला खेळाडू पुढील वर्षी त्या जागेवर घेता येतो. असा खेळाडू एरवी आउटफिल्डमध्ये उभा राहत असेल, तर ती पर्वणीच. अ‍ॅरिझोनाच्या डॉल्टन वार्शोने २०२२ मध्ये २७ होमरन आणि १६ बेसचोऱ्या केल्या, त्या बहुतांशी आउटफिल्डमध्ये खेळून. गुडघे न झिजवता कॅचरच्या जागेचे मोल त्याने आपल्या मालकांना मिळवून दिले.

मावरची कहाणी

हे सारे हिशेब ज्याच्यापाशी येऊन थबकतात, तो खेळाडू म्हणजे मिनेसोटा ट्विन्सचा जो मावर. त्याचे पदार्पण २००४ मधले. दुसऱ्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि त्या वर्षी त्याला अवघे ३५ सामने खेळता आले. पुढे २००६, २००८ आणि २००९ मध्ये त्याने अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम सरासरीचा मान पटकावला. तीनदा असा मान मिळवणारा तो एकमेव कॅचर आहे. २००९ मध्ये १३८ सामन्यांत ५२३ संधींमध्ये १९१ हिट, म्हणजे ०.३६५ ची सरासरी, शिवाय २८ होमरन. वरील उदाहरणातल्या ०.२७० च्या संघात असा एकटा कॅचर आला, तर संपूर्ण संघाची सरासरी ०.२७८ वर जाते. लिलावात त्याच्यासाठी चढाओढ लागली यात नवल नव्हते. प्रत्यक्षातही २०१० च्या मार्चमध्ये ट्विन्सने त्याच्याशी आठ वर्षांचा १८ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. त्याच मोसमात त्याचे होमरन मात्र नऊवर आले. एका असाधारण वर्षाला कायमचा नियम समजू नये, हा धडा त्या वर्षी अनेक मालकांनी पैसे मोजून घेतला.

१९ ऑगस्ट २०१३ रोजी बॅटला घासून आलेला एक चेंडू त्याच्या मुखवट्यावर आदळला. मेंदूला बसलेल्या त्या धक्क्यानंतर मावर पुन्हा नियमित कॅचर झाला नाही. २०१४ पासून तो पहिल्या बेसवर उभा राहिला. त्या वर्षी त्याची सरासरी ०.२७७ होती आणि होमरन फक्त चार. कॅचर म्हणून हेच आकडे कोणी खपवूनही घेतले असते. पहिल्या बेसवर ते कवडीमोल ठरले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बस्टर पोझीचा अनुभवही फारसा वेगळा नाही. २५ मे २०११ रोजी होमप्लेटवरच्या धडकेत त्याचा पाय मोडला आणि मोसम संपला. पुढच्याच वर्षी ०.३३६ च्या सरासरीने तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०१४ मध्ये अशा धडकांना आळा घालणारा नियम मेजर लीगने केला.

यातून फँटसी मालकाने घ्यायचा बोध सरळ आहे. कॅचरसाठी पैसे जरूर मोजावेत, पण १५० सामन्यांच्या भरवशावर नव्हे. १२० सामने गृहीत धरून जो परवडतो, तो घ्यावा आणि वरचे सामने नफा समजावेत. कारण या तक्त्यातील प्रत्येक संधीमागे कोणाचा तरी गुडघा आणि कोणाचे तरी डोके पणाला लागलेले असते.

३० सप्टेंबर २०१८ रोजी, कारकिर्दीतील अखेरच्या सामन्यात, नवव्या डावात मावर पाच वर्षांनी कॅचरचे चिलखत चढवून होमप्लेटमागे बसला. त्याने एकच चेंडू झेलला आणि तो बाहेर पडला. २०२४ मध्ये त्याचा ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. त्या एका चेंडूला फँटसीच्या कोणत्याही तक्त्यात गुण नव्हते. मैदानावरचे प्रेक्षक मात्र त्या चेंडूसाठी उभे राहिले होते.