हमीची वर्षे कशी मोजावीत?

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही सहकुटुंब मोटार पाहावयास गेलो होतो. आमची जुनी गाडी अकरा वर्षांची झाली. पाडव्याच्या मुहूर्तावर नवी आणावी, असे घरात ठरले होते. रंगाचा प्रश्न चिरंजीवांनी मिटविला. मागच्या आसनावर आईला पाय नीट ठेवता येतात की नाही, ते हिने बसून पाहिले. किमतीत मात्र दोन गाड्या तोलास तोल ठरल्या. तेव्हा दुकानातल्या तरुण विक्रेत्याने हुकमाचे पान टाकले.

"सर, त्यांची वॉरंटी तीन वर्षांची, आमची पाच वर्षांची. आता आणखी काय सांगू?"

चिरंजीवांचा निकाल तेथेच लागला. "बाबा, पाच म्हणजे तीनपेक्षा जास्त!" गणित बिनचूक होते. पण ही हळूच म्हणाली, "अहो, मागच्या वेळी गीअरबॉक्सचे काय झाले, ते आठवते ना?"

आठवत होते. जुनी गाडी घेताना आम्ही जादा पैसे भरून हमी पाच वर्षांपर्यंत वाढवून घेतली होती. चौथ्या वर्षी गीअरबॉक्स बिघडला. खर्च सांगण्यात आला ४८ हजार रुपये. आम्ही निर्धास्तपणे हमीचा कागद पुढे केला. वर्कशॉपमधल्या गृहस्थांनी सर्व्हिसची नोंद काढली आणि एका ओळीवर बोट ठेवले. तिसऱ्या वर्षीची सर्व्हिस चार महिने उशिरा झाली होती.

ते चार महिने अण्णांच्या शेवटच्या दुखण्याचे. घर आणि हॉस्पिटल याखेरीज ती गाडी कोठे गेली नव्हती आणि तिचे तेल बदलण्याचे भान कोणालाही नव्हते. अण्णा गेले, त्यांच्यामागे आमची हमीही गेली होती, हे आम्हांस वर्षभराने कळले. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी खेद व्यक्त केला आणि बिल पुढे सरकविले.

तेव्हापासून हमीची वर्षे मोजण्याआधी मी तिच्या अटी वाचतो. त्या वाचनातून जे उमगले, ते मोटार घेऊ पाहणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडावे.

पहिली गोष्ट अशी, की हमी म्हणजे विमा नव्हे. कारखान्यातून राहून गेलेला दोष कंपनी फुकट दुरुस्त करून देईल, एवढाच तिचा अर्थ. वापराने झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे ब्रेकचे पॅड, क्लचप्लेट, वायपरची रबरे, फिल्टर, यांचा त्यात सहसा समावेश नसतो. टायरची हमी टायर बनविणाऱ्याची. अपघात झाला किंवा गाडी पुरात बुडाली, तर विमा कंपनीचे दार ठोठवायचे. बाहेरून हॉर्न किंवा दिवे बसविताना मूळची वायर कापली गेली, तर विजेच्या बिघाडाबाबत कंपनी हात वर करू शकते.

दुसरी गोष्ट किलोमीटरची. हमीचे वर्ष एकटे येत नाही. "३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते" अशी ती जोडी असते. मारुती सुझुकीने २०२४ च्या जुलैत आपली हमी २ वर्षे व ४० हजार किलोमीटरवरून ३ वर्षे व १ लाख किलोमीटरवर नेली. आमची गाडी वर्षाकाठी फार तर १२ हजार किलोमीटर चालते. आम्हांस लाखाचा आकडा आठ वर्षांतही गाठता येणार नाही, म्हणून आमच्यासाठी वर्षे महत्त्वाची. आमचे मेहुणे औषध कंपनीचे प्रतिनिधी. रोजचे १५० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस. सव्वादोन वर्षांत त्यांचा लाख पुरा होईल. कागद एकच, पण त्यांची हमी आमच्यापेक्षा नऊ महिने तोकडी!

तिसरी गोष्ट अमेरिकेतली आहे. ह्युंदाई कंपनी १९८६ साली तेथे स्वस्त गाडी घेऊन उतरली. खप झाला, पण पुढे गाड्यांच्या दर्जाविषयी नाव खराब झाले. १९९८ साली कंपनीने इंजिन आणि गीअरबॉक्स यांना १० वर्षे किंवा १ लाख मैल अशी हमी जाहीर केली. गमावलेला विश्वास परत मिळविण्याचा तो मार्ग होता आणि तो फळाला आला. वाईट गाडीला लांब हमी देणारी कंपनी दुरुस्तीच्या खर्चानेच बुडेल, हे गिऱ्हाइकालाही समजते. म्हणून लांब हमीला अर्थ आहे. मात्र बारकावा असा, की उरलेल्या बहुतेक गाडीची हमी ५ वर्षांचीच होती आणि पूर्ण दहा वर्षांचा लाभ पहिल्या मालकालाच होता. तेव्हा "किती वर्षे?" याच्या पाठोपाठ "कशाची?" आणि "कोणाला?" हेही विचारावे.

विजेवरच्या मोटारीत तर हा प्रश्न सर्वांत मोठा. तिची बॅटरी हाच सर्वांत महागडा भाग. तिला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी आपल्याकडे अनेक गाड्यांना मिळते. तेथे वर्षे जरूर मोजावीत. पण बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली म्हणजे ती बदलून मिळेल, ते लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनाला तक्रारीच्या वेळी साक्षीदार नसतो. आणि तक्रारीची वेळ आलीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र गेले पाहिजे.

आता आमच्या दोन गाड्यांकडे वळू. मी दुसऱ्या दुकानात एकच प्रश्न विचारला, "तुमची हमी आणखी दोन वर्षे वाढविण्यास काय पडेल?" उत्तर मिळाले, १९ हजार. म्हणजे विक्रेत्याच्या हुकमाच्या पानाची किंमत १९ हजार रुपये. दहा लाखांच्या गाडीत हे दोन टक्क्यांहूनही कमी. दोन गाड्या तुल्यबळ असतील तर एवढ्याने पारडे झुकावे. नावडती गाडी पत्करण्याइतके ते मोठे नाही.

शेवटी आम्ही तीन वर्षांचीच गाडी ठरविली आणि १९ हजार भरले. तिचे वर्कशॉप माझ्या कॉलेजच्या वाटेवर आहे. दुसरीचे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ज्या हमीचा जीव वेळेवरच्या सर्व्हिसवर अवलंबून, तिचे वर्कशॉप जवळ असलेले बरे.

पाडव्याला गाडी दारात येईल. नवे कालनिर्णय घरात आले आहे. हिने सर्व्हिसच्या तारखा त्यात आताच मांडून ठेवल्या आहेत, दुधाच्या हिशेबाशेजारी, लाल शाईने.