क्रँक सील गेलंय म्हणे!

गिऱ्हाईक गॅरेजात शिरतं तेच निदान घेऊन. ‘मिस्त्री, क्रँक सील गेलंय, बदलून टाका.’ इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून ऑइल टपकत असलं, की नाक्यावर कुणीतरी हे सांगितलेलंच असतं. कराडला हायवेलगत माझं डिझेलचं गॅरेज आहे. उसाचे ट्रॅक्टर, विटांचे टेम्पो, वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जिपा, मधूनच एखादा जनरेटर, सगळा माल येतो. त्यात सगळ्यात डोकं खाणारं काम कुठलं विचाराल तर मी इंजिन बांधण्याचं नाव घेणार नाही. बांधायला पुस्तक आहे, मापं आहेत, टॉर्कचे आकडे आहेत. ऑइल कुठून गळतंय हे शोधायला पुस्तक फार तर शेजारी ठेवायला उपयोगी.

‘जुनी गाडी आहे, थोडं गळायचंच,’ असं म्हणणारेही पुष्कळ. त्यांना मी हिशेब मांडून दाखवतो. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला १४४० थेंब. २०-२५ थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला ६०-७० मिलिलिटर, महिन्याला दोन लिटरच्या आसपास. गाडी काही रात्रंदिवस चालत नाही, पण घाटात हाच थेंब मिनिटाला दहा होतो. जिपेच्या चेंबरात, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, मुळात पाच-सहा लिटर ऑइल. गेज, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघायची सवय नसेल तर बेअरिंगं धरली जाईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. शिवाय तेच ऑइल क्लच प्लेटवर गेलं तर चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. तापलेल्या एक्झॉस्टवर किंवा टर्बोवर पडत राहिलं तर आधी जळका वास, मग धूर, आणि नशीब फिरलं तर आग.

पहिला प्रश्न मी असा विचारतो की हे इंजिन ऑइलच आहे का? डिझेल इंजिनाचं ऑइल काजळीमुळे नवं टाकल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं. त्यामुळे रंगावरून काही ठरत नाही. इंजेक्टरच्या पाइपातून डिझेल पाझरत असेल, तर ते वाटेतला सगळा मळ धुऊन घेतं आणि खाली काळाकुट्ट थेंब होऊन पडतं. बघणारा म्हणतो ऑइल. मी थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर घेतो. डिझेल असेल तर डाग लगेच लांबवर फुटत जातो. ऑइल मध्ये गडद राहून सावकाश पसरतं. मग बोटांत चोळायचं आणि वास घ्यायचा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. पॉवर स्टेअरिंगचं ऑइल बऱ्याच गाड्यांत लालसर असतं. एवढ्यावरच काही गाड्यांचा निकाल लागतो आणि इंजिनाला हातही लावावा लागत नाही.

ऑइलच निघालं, तर मग कुठलं? कौलारू घरात गळतं तेव्हा पाणी पडतं एका जागी आणि फुटलेलं कौल असतं भलतीकडेच, वाशावरून वाहत आलेलं. इंजिनात त्याहून वाईट, कारण इथे वारा आहे. पुढचा पंखा आणि गाडीचा वेग मिळून ऑइल मागे ढकलतात. खालचा थेंब आणि ऑइल सुटण्याची खरी जागा यांत अर्ध्या इंजिनाचं अंतर पडू शकतं. म्हणून नियम असा, की सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. नव्या बीएस-सिक्स गाड्यांत खालून प्लॅस्टिकचा ट्रे असेल तर ऑइल आधी त्यात साठतं आणि मग ट्रेच्या मागच्या कडेवरून ठिबकतं. तो ट्रे न काढता निदान सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

इंजिनात ऑइलचे मार्ग दोन तऱ्हेचे. एका बाजूला पंपाने दाबलेलं ऑइल. गरम इंजिन आयडलवर असताना साधारण एक किलो दाब, चालताना तीन-चार किलो. फिल्टर, ऑइल कूलर, ऑइल प्रेशरचा स्विच, टर्बोला जाणारा पाइप, ऑल्टरनेटरच्या मागे बसवलेल्या व्हॅक्यूम पंपाचा पाइप, हे सगळे या दाबावर. इथे केसाएवढी फट पडली तरी गाडी चालू असताना फवारा उडतो. दुसरीकडे नुसतं उडणारं आणि परत खाली वाहणारं ऑइल: टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, क्रँकची पुढची-मागची सीलं, चेंबरचं पॅकिंग. तिथे दाब जवळजवळ नसायला हवा. ‘हवा’ म्हणतोय, कारण प्रकरण इथेच फिरतं. त्याकडे येतो.

म्हणूनच ड्रायव्हरला खोदून विचारावं लागतं. रात्रभर उभ्या गाडीखाली थारोळं दिसतं की चालवून आल्यावर? उभ्यानं गळत असेल तर ड्रेन प्लग, चेंबरचं पॅकिंग, खालच्या पातळीवरचं काहीतरी. थंडीत सकाळी गळून नंतर थांबत असेल तर रबर कडक झालेली एखादी ओ-रिंग. तापल्यावरच गळत असेल तर पातळ झालेलं ऑइल. ड्रायव्हर लोक सांगतात बरोबर, फक्त मालकासमोर कमी बोलतात. त्यांना चहाला बाजूला न्यावं.

यानंतर धुणं. या पायरीला लोक कंटाळतात आणि पुढे पैसे घालवतात. वर्षानुवर्षांचा चिखल आणि ऑइल मिळून झालेला थर असताना नवी गळती दिसणार कुठून? थंड इंजिनावर डिझेल आणि ब्रश, मग डिग्रीझर, मग पाणी. ऑल्टरनेटर, स्टार्टर आणि वायरींच्या जोडांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायच्या, प्रेशर वॉशरचा झोत थेट सीलवर मारायचा नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडं करायचं. मग संशयाच्या जागांवर पांढरी पावडर. टाल्कम चालते, कॅरमची चालते. इंजिन चालू करून बसायचं. पांढऱ्यावर आधी एक करडी रेघ उमटते, मग ती काळी होत खाली उतरते. रेघेचं वरचं टोक म्हणजे आपली जागा. ज्यांना परवडतं ते ऑइलमध्ये रंग मिसळून निळ्या-जांभळ्या दिव्याखाली बघतात. गळती हिरवट-पिवळी चमकते. चांगली पद्धत आहे. पण आधी धुतलं नसेल तर तो दिवाही उपयोगाचा नाही.

मध्यंतरी एक जीप आली, कराड-चिपळूण वडापची. बेलहाऊसिंगच्या, म्हणजे क्लच-फ्लायव्हीलवरच्या खोळीच्या, खालच्या भोकातून ऑइल. दुसऱ्या एका गॅरेजात दोनदा गिअरबॉक्स उतरवून क्रँक सील बदललेलं. सीलची किंमत काही शे रुपये, पण त्यासाठी गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवायचं. दोन्ही वेळेस काही दिवस बरं वाटलं आणि पुन्हा थेंब सुरू. मालक वैतागलेले. ‘अण्णा, या वेळी गिअरबॉक्स उतरवायचा नाही,’ मी म्हटलं, ‘आधी बघू.’

बेलहाऊसिंगच्या खालचा पत्रा काढून मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा आत सोडला. क्रँक सील गळत असेल तर फिरणारं फ्लायव्हील ऑइल भोवती फेकतं आणि आत गोल पट्टा उमटतो. गिअरबॉक्सचं सील असेल तर क्लचची बाजू ओली होते, वासही वेगळा. इथे फ्लायव्हीलची इंजिनाकडची बाजू चक्क कोरडी होती. ओलं होतं ते हाऊसिंगच्या वरच्या जोडावरून खाली आलेले दोन ओघळ. म्हणजे ऑइल वरून येत होतं. पण टॅपेट कव्हरची मागची कड आणि फायरवॉल यांच्यामध्ये हात जेमतेम जातो, दिसत काहीच नाही. धुतलं, पावडर टाकली, गॅरेजात तासभर इंजिन पळवलं. पावडर पांढरीच्या पांढरी.

ड्रायव्हरला बाजूला घेतलं. तो म्हणाला, ‘साताऱ्याला जाऊन आलो तर थेंब नाही. चिपळूणहून वर आलो की भिजलेली.’ एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी मीच पुढच्या सीटवर बसून गेलो. कुंभार्ली घाट उतरताना काही नाही. येताना पोफळीवरून चढ लागला, गाडी भरलेली, दुसरा गिअर, इंजिन जोर लावून. हेळवाकला टपरीवर थांबवून बॉनेट उघडलं, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि बॅटरी आत घातली. टॅपेट कव्हरच्या मागच्या, ड्रायव्हरकडच्या कोपऱ्यापासून काळी रेघ सुरू होऊन हेडच्या पाठीवरून खाली गेलेली. चढाला गाडीचं नाक वर, म्हणून हेडवरचं ऑइल मागच्या कोपऱ्यात साठत होतं.

कुणीही म्हणेल, बदला पॅकिंग आणि मोकळे व्हा. पण कोपऱ्यात ऑइल साठलं म्हणून ते बाहेर का यावं? कव्हर उंच आहे, पॅकिंग नवं असो-जुनं असो, नुसत्या साठण्याने एवढं गळत नाही. त्याला कुणीतरी आतून ढकलतंय. पिस्टनच्या रिंगांच्या कडेने थोडा गॅस खाली चेंबरात उतरतोच, कितीही नवं इंजिन असलं तरी. आमच्या लाइनीत त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो बाहेर जायला ब्रीदर असतो, एक पाइप आणि आत जाळी. ब्रीदर तुंबला की इंजिनाच्या पोटात हवा कोंडते आणि सगळ्यात कमजोर जोडातून ऑइल घेऊन बाहेर पडते. नवं क्रँक सील काही दिवस टिकतं, मग तेही ओलं होतं, आणि दोष सीलच्या कंपनीला.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी घ्यायची, यू आकारात वाकवून अर्धी पाण्याने भरायची आणि एक टोक गेजच्या नळीत हवाबंद बसवायचं. दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजे आतला दाब. १० सेंटीमीटर म्हणजे हवेच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग. ऐकायला काहीच नाही, पण कडक झालेल्या पॅकिंगला तेवढं बास होतं. इंजिनाप्रमाणे मर्यादा वेगळी, ती पुस्तकात बघायची. ऑइलचं झाकण उलटं ठेवून ते उडतंय का बघणं ही जुनी पद्धत. तिच्यावरून अंदाज येतो, निकाल देऊ नये. आणि गळती शोधायला म्हणून कॉम्प्रेसरची हवा थेट इंजिनात सोडणारे महाभाग असतात. सीलं जागची उडतात आणि मग खरोखरच गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

जिपेत पाणी चढलं ते नळीतून बाहेर सांडायच्या बेतात. ब्रीदरची जाळी काढली तर काळ्या मलिद्याने भरलेली. कव्हर उतरवून स्टीलची पट्टी कडेवर ठेवली. बोल्टाच्या भोकांशी पत्रा खाली दबलेला, मध्ये फुगलेला. गळतंय म्हणून कुणीतरी बोल्ट आवळत गेलेलं, आणि आवळल्यावर पत्रा आणखी वाकत गेलेला. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ केला, नवं रबर पॅकिंग टाकलं, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे आवळले. सिलिकॉन फक्त कोपऱ्याच्या जोडाला, तेही मोजकं. ते भसाभसा लावणाऱ्यांची मला चीड आहे. आत निघालेले तुकडे चेंबरात पडतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात.

कधीकधी गळती नसतेच. सोसायटीच्या जनरेटरचं एक्झॉस्ट काळ्या तेलकट घाणीने माखलंय म्हणून फोन येतो. वीज गेली की लिफ्ट आणि जिन्यातले दिवे एवढाच भार, इंजिन मात्र मोठं. कमी भारावर ते पुरेसं तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल आणि काजळी एक्झॉस्टच्या जोडातून पाझरते. पॅकिंग बदलून काही होत नाही. भरपूर भारावर चालवलं की बऱ्याचदा आपोआप सुकतं.

जिपेला परत नळी लावली. पाण्यातला फरक उतरला, पण पुस्तकातल्या मर्यादेच्या काठावरच थांबला. रिंगा झिजत आल्यात, ब्रीदर कितीही साफ ठेवला तरी बॅक कॉम्प्रेशन आता वाढतच जाणार. मालकाला नळीतलं पाणी दाखवूनच सांगितलं, म्हणजे मिस्त्री काम काढतोय असं वाटायला नको. ‘गणपती होऊ देत, मग खोलू,’ म्हणाले. गणपतीत कोकणाकडे गाडी रिकामी जात नाही, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. तोवर ब्रीदर महिन्यातून एकदा धुवायचा आणि गेज एक दिवसाआड बघायचा, तोही सपाटीला, गाडी बंद करून दहा मिनिटांनी, असं ड्रायव्हरला बजावलंय.