पाटे बांधा, गाडी उचलू नका

ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या खासगी हलक्या वाहनांची नोंदणी नूतनीकरणाची फी 5,000 वरून 10,000 रुपये झाली. मालवाहू गाड्यांच्या फिटनेसचा हिशोब वेगळा असला तरी सरकारचा रोख तोच आहे: जुनं भंगारात काढा. मोबाइलवरचे व्हिडिओ मात्र दुसरंच सांगतात. जुनी पिकअप स्वस्तात घ्या, चार-सहा इंच उचला, रुंद टायर चढवा, टपावर दिव्यांची रांग लावा, की झाला घरचा ‘ऑफ-रोडर’. नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या मधल्या रनाळ्यासारख्या गावाला या दोन्ही सल्ल्यांचा उपयोग नाही. इथे डांबर सोडून काळ्या जमिनीत गाडी हौस म्हणून कोणी घालत नाही. पावसाळ्यात कापसाच्या किंवा मिरचीच्या शेतापर्यंत पोचायचं तर दुसरा मार्ग नसतो. अशा गावात जुनी पिकअप घरी बांधून काढणं शहाणपणाचंच आहे. फक्त ती मूळ ताकदीवर आणावी, तिचा आकार बदलू नये.

कारण गाडी चिखलात रुतते ती बहुधा बुटकी असते म्हणून नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपची ताकद मागच्या चाकांना जाते. हौदा रिकामा असला की नेमकी तीच चाकं हलकी पडतात. त्यात साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक गाऱ्यात फिरायला लागलं की त्याला जेवढा थोडा जोर लागतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो, मग ते दुसरं चाक भले कोरड्या बांधावर का असेना. गाडी सहा इंच उचलून या गणितात काही फरक पडत नाही. मागच्या आसावर वाळूची चार पोती टाकली, टायरमधली थोडी हवा काढली आणि जमलं तर त्या मॉडेलला कंपनीनेच दिलेलं लॉक होणारं डिफरन्शियल शोधून बसवलं, तर पडतो. रुंद टायरचंही तसंच. वाळवंटात ते वर तरंगतात म्हणून चांगले. आपली काळी माती ओली झाली की फुगते, नक्षीच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो. वरचा थर पातळ असेल तर अरुंद टायर तो कापून खालच्या घट्ट जमिनीला टेकतो. बैलगाडीची धाव अरुंद का असते, हे त्या मातीत राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

मग पैसे घालायचे कुठे? पाट्यांत. वीस वर्षं ओझं वाहिलेल्या पिकअपचे पाटे जवळपास सरळ झालेले असतात. मूळची कमान गेलेली, पानांच्या मध्ये गंज, शॅकलची बुश झिजून अंडाकृती झालेली. सगळ्यात फसवा तो सेंटर बोल्ट. बोटाएवढा हा बोल्ट पानांच्या पोटात दडलेला असतो. तो तुटला आणि यू-बोल्ट ढिले असले की आस जागचा सरकतो, गाडी तिरकी चालू लागते आणि मालक बिचारा अलाइनमेंटवर पैसे घालत बसतो. पानं सुटी करून घासायची, तडकलेली बदलायची, भट्टीवर कमान परत द्यायची, ग्रीस लावून बांधायची. एवढं झालं की गमावलेली उंची आपसूक परत येते. कंपनीने दिलेली उंची पुरी पडते. आपण ती बसू दिलेली असते, एवढंच.

यावर आक्षेप ठरलेला आहे: नाल्यातले दगड हाउसिंगला लागतात, थोडी उचलली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते वळणावर. चाकांमधलं अंतर 1.4 मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून 80 सेंटिमीटर वर धरला, तर उभी गाडी कागदावर साधारण 41 अंशांच्या कलापर्यंत तग धरते. गुरुत्वमध्य 10 सेंटिमीटर वर नेला की हा आकडा 38 वर येतो. पाटे लवतात, टायर दबतात, म्हणून प्रत्यक्षातली सूट याहून कमीच. हौद्यात माणसं उभी राहिली की गुरुत्वमध्य आणखी वर जातो. ऑक्टोबर 2025 मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप नंदुरबार जिल्ह्यातल्या चांदशैली घाटात कोसळली आणि जीव गेले. त्या गाडीत फेरफार होते असं इथे सुचवायचं नाही. पण ज्या जिल्ह्यात पिकअप हीच एसटीची जागा भरून काढते, तिथे ती आणखी उंच करणं हा निव्वळ अविचार आहे. शिवाय उचललेल्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि जॉइंटचे क्रॉस लवकर जातात, तो खर्च वेगळाच.

कायद्याचं म्हणणंही फार वेगळं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही. 2019 च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद केली. पाटे, बेअरिंग, ब्रेक मूळ मापाचे बदलले तर यात काहीच येत नाही. तरीही हा कायदा कारागिराकडे बघतच नाही, ही तक्रार खरी आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवा. त्यांनी सुमारे 60,000 रुपयांत भंगारातून चारचाकी उभी केली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि त्याच दमात म्हटलं, की नियमात बसत नसल्याने ती आज ना उद्या अडवली जाईल. जानेवारी 2022 मध्ये लोहारांना महिंद्रांकडून बदल्यात बोलेरो मिळाली आणि त्यांची गाडी कंपनीकडे गेली. बोलेरो मिळाली ते छानच. पण अशी गाडी तपासून, वेग आणि हद्द ठरवून, शेतरस्त्यापुरती चालू द्यायची सोय आपल्याकडे असती तर लोहारांना तिचा निरोप घ्यावा लागला नसता.

राहिला धूर. जुनं डिझेल इंजिन बीएस-6 च्या जवळपासही जात नाही, हे मान्य. पण पंप आणि नोझल तपासून घेतलेलं इंजिन शेत ते गाव एवढीच ये-जा करणार असेल, तर नव्या गाडीसाठी लागणारं पोलाद आणि कर्ज हेही तराजूत टाकायला हवं. ब्रेकच्या बाबतीत मात्र हा उदारपणा नको. सिलिंडर, पाइप, लायनर हे सगळं नवं, तेही जाणत्या हाताकडून. पत्रा अंगणात खुशाल ठोकावा. फक्त चेसीसवर नंबर कोरलेला असतो तिथला गंज काढताना ग्राइंडर बाजूला ठेवून तारेचा ब्रश घ्यावा. तो नंबर पुसला गेला, तर एवढे बांधलेले पाटे घेऊन गाडी खळ्यातच उभी राहील.