लांब केसांच्या कुत्र्यासाठी ब्रश कोणता?

घरच्या पॉमेरेनियनला आम्ही रोज मऊ ब्रशने विंचरत होतो. वरून केस रेशमासारखे दिसत; पण कानामागे चाचपले, तर आत घट्ट गुठळी आणि तिच्याखाली लाल, ओलसर कातडी! चूक कुठे झाली?

या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वर लांब, राठ केस आणि खाली आखूड, मऊ लव. प्रत्येक केसावर कौलांसारखे खवले असतात व त्यांची टोके शेंड्याकडे वळलेली असतात. आपल्या डोक्याचा एक लांब केस चिमटीत धरून लांबीच्या दिशेने बोटे चोळून पाहा; तो मुळाच्या बाजूला सरकतो. गळालेली लव अशीच सरकत, अडकत जाते आणि तिची गुठळी होते. आमचा मऊ ब्रश तिथपर्यंत पोचतच नव्हता.

म्हणून ब्रशचे दाते त्वचेपर्यंत पोचतील इतके लांब, लवचीक गादीत बसवलेले आणि टोकाला गोलसर हवेत. विकत घेताना तो मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहावा. ओरखडा उठला, तर नको. विंचरताना केस थराथराने उचलावेत. शेवटी धातूचा कंगवा मुळापासून शेंड्यापर्यंत न अडकता गेला, तरच काम झाले. आंघोळ त्यानंतर, भिजलेल्या गुठळ्या अधिकच आवळतात.