गुणतक्ता किती खरा? पुणेरी पलटणचा हंगाम आणि नशिबाचा हिशोब



रिसर्चला येऊ पाहणाऱ्यांनी सगळ्यात आधी कोणती सवय लावून घ्यावी, तर माझ्या मते ही: कुठलाही फरक दिसला की "का?" विचारण्याआधी "एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडला असता का?" असं विचारायचं. पुस्तकात याला नल मॉडेल म्हणतात. नाव ऐकूनच अनेकजण पान उलटतात, म्हणून आज कबड्डीच्या मैदानावर जाऊन ते बघूया.

प्रो कबड्डीचा दहावा हंगाम २ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये संपला. फायनलमध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. पुण्याचं हे पहिलंच विजेतेपद. कर्णधार होता अस्लम इनामदार, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा (तालुका श्रीरामपूर). हंगामातला सर्वात मौल्यवान खेळाडू हा पुरस्कारही त्यालाच मिळाला. त्याच्या काही महिने आधी हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघातही तो होता.

आणि अकराव्या हंगामात? हाच पुण्याचा संघ पहिल्या सहांतही आला नाही. उलट दहाव्या हंगामात अकराव्या नंबरवर राहिलेला यूपी योद्धाज उपांत्य फेरीत पोहोचला.

लगेच कारणं पुढे येतात. अस्लम गुडघ्याच्या दुखापतीमुळे मध्येच बाहेर गेला. इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलू लिलावात पुण्याकडून हरियाणाकडे गेला. ही कारणं खोटी नाहीत, पण ती आपल्याला निकाल कळल्यानंतर सुचलेली आहेत. म्हणून आधी हिशोब करू.

आपला डेटा

दहाव्या हंगामात १२ संघ होते, प्रत्येकाचे २२ साखळी सामने, एकूण १३२. विजयाला ५ गुण, बरोबरीला ३, आणि ७ किंवा त्याहून कमी फरकाने हरलात तर १ गुण.

| संघ | विजय | पराभव | बरोबरी | एकूण फरक | गुण |
|---|---|---|---|---|---|
| पुणेरी पलटण | १७ | २ | ३ | +२५३ | ९६ |
| जयपूर पिंक पँथर्स | १६ | ३ | ३ | +१४१ | ९२ |
| दबंग दिल्ली | १३ | ६ | ३ | +५३ | ७९ |
| गुजरात जायंट्स | १३ | ९ | ० | +३२ | ७० |
| हरियाणा स्टीलर्स | १३ | ८ | १ | -१३ | ७० |
| पाटणा पायरेट्स | ११ | ८ | ३ | +५० | ६९ |
| बंगाल वॉरियर्स | ९ | ११ | २ | -४३ | ५५ |
| बेंगळुरू बुल्स | ८ | १२ | २ | -६७ | ५३ |
| तमिळ थलायवाज | ९ | १३ | ० | +३२ | ५१ |
| यू मुंबा | ६ | १३ | ३ | -७९ | ४५ |
| यूपी योद्धाज | ४ | १७ | १ | -११६ | ३१ |
| तेलुगू टायटन्स | २ | १९ | १ | -२४३ | २१ |

डेटा हातात आला की आधी त्याची तपासणी करायची. एकूण विजय १२१, एकूण पराभव १२१. जुळलं. बरोबरीच्या नोंदी २२, म्हणजे ११ सामने. १२१ आणि ११ मिळून १३२. हेही जुळलं. शेवटच्या आधीच्या "एकूण फरक" रांगेची बेरीज शून्य यायला हवी, कारण एकाचे अधिक ते दुसऱ्याचे उणे. करून बघा, शून्यच येते. प्रत्येक डेटासेटमध्ये असे आपोआप जुळायलाच हवेत असे आकडे असतात. ते शोधून ठेवा. टायपिंगची चूक इथेच सापडते, गाइडसमोर नाही.

नाणेफेकीची लीग

आता कल्पना करा की बाराही संघ अगदी सारख्या ताकदीचे आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे एक नाणेफेक. मग तक्ता कसा दिसेल? सगळ्यांचे ११-११ विजय येतील असं वाटतं, पण तसं होत नाही. २२ वेळा नाणं उडवलं तर छापांच्या संख्येचा व्हेरियन्स २२ × ०.५ × ०.५ = ५.५ येतो. त्याचं वर्गमूळ म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, साधारण २.३५.

याचा अर्थ असा की सगळे संघ सारखेच असले तरी पहिल्या नंबरवाला साधारण १५ सामने जिंकेल आणि शेवटचा साधारण ७. म्हणजे नुसत्या नाण्यांतूनही एक "चॅम्पियन" आणि एक "फ्लॉप" संघ तयार होईल. आपण मग त्यांच्यावर लेखही लिहू: एकाचं नेतृत्व किती खंबीर, दुसऱ्याच्या बचावात किती ढिलाई.

आता खरा हंगाम. बरोबरीला अर्धा विजय धरू. पुण्याचे १८.५, तेलुगू टायटन्सचे २.५, सरासरी ११. प्रत्येक संघाचं सरासरीपासूनचं अंतर काढा, वर्ग करा, बेरीज २५९ येते. १२ ने भागलं की व्हेरियन्स २१.६.

- तक्त्यात दिसणारा एकूण पसारा: २१.६
- फक्त योगायोगाने येणारा पसारा: ५.५
- उरलेला, म्हणजे संघांच्या ताकदीतला खरा फरक: १६.१

म्हणजे तक्त्यातल्या पसाऱ्याचा साधारण पाव हिस्सा नशिबाचा आणि पाऊण हिस्सा ताकदीचा. नशीब म्हणजे इथे दैव वगैरे काही नाही. रेडरचा पाय घसरणं, बोटाचा निसटता स्पर्श, पंचाचा एखादा निर्णय, अशा पुन्हा तशाच न घडणाऱ्या सगळ्या गोष्टींची ती बेरीज आहे. बरोबरीचे सामने नाण्याच्या हिशोबात बसत नाहीत, म्हणून ५.५ हा आकडा थोडा जास्तच आहे. पण अंदाजासाठी पुरेसा.

मग तक्त्यातलं काय खरं मानायचं?

दोन संघांची तुलना करताना दोघांचंही नशीब मध्ये येतं. दोन संघांच्या विजयांमधल्या फरकाचं स्टँडर्ड डेव्हिएशन २.३५ × १.४१, म्हणजे साधारण ३.३ पडतं.

हा आकडा घेऊन परत तक्ता बघा. पुणे आणि तेलुगू टायटन्स यांच्यात १६ विजयांचं अंतर आहे. ते योगायोगाचं नाही, यावर पैज लावायला हरकत नाही. पण चौथा गुजरात (१३) आणि नववा तमिळ (९) यांच्यात फक्त ४. सहावा पाटणा (१२.५) आणि सातवा बंगाल (१०) यांच्यात फक्त २.५. पाटणा प्लेऑफला गेला, बंगाल घरी गेला. नियम म्हणून ते बरोबरच आहे, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण "पाटणा बंगालपेक्षा चांगला संघ आहे हे सिद्ध झालं" असं विधान या डेटावरून करता येत नाही. टोकाचे नंबर विश्वासाचे, मधले नंबर धूसर. कुठल्याही रँकिंगला हे लागू पडतं.

हरियाणा आणि तमिळचं कोडं

या तक्त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही. हरियाणाने १३ सामने जिंकले, पण एकूण फरक उणे १३. तमिळने ९ जिंकले, पण फरक अधिक ३२. कसं काय?

उत्तर गुणांच्या रांगेत दडलंय. तमिळचे विजयाचे गुण ९ × ५ = ४५, एकूण गुण ५१. म्हणजे १३ पैकी ६ पराभव ७ किंवा कमी फरकाचे. हरियाणाचे विजयाचे ६५, बरोबरीचे ३, एकूण ७०. म्हणजे ८ पैकी फक्त २ पराभव निसटते, बाकी ६ चांगले दणकून. हरियाणा हरताना मोठं हरला आणि जिंकताना थोडक्यात जिंकला.

आता दोन गृहीतकं. एक: थोडक्यातले सामने जिंकणं हे नशीब आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी हरियाणा खाली येईल आणि तमिळ वर जाईल. दोन: शेवटच्या पाच मिनिटांत डोकं शांत ठेवणं हे कौशल्यच आहे, ते टिकेल. दहाव्या हंगामाचा तक्ता कितीही वेळ बघत बसलात तरी यातलं खरं कोणतं ते कळणार नाही, कारण दोन्ही गृहीतकं याच तक्त्याकडे बघून सुचलेली आहेत. तपासायला नवीन डेटा लागतो.

नवीन डेटा आला. अकराव्या हंगामात हरियाणा चॅम्पियन झाला, तमिळ पहिल्या सहांत नव्हता. मग दुसरं गृहीतक जिंकलं? थांबा. दरम्यान शादलू हरियाणात आला होता. शिवाय दहावा हंगाम १२ शहरांत फिरला होता, प्रत्येक संघाला घरचे सामने मिळाले होते. अकरावा फक्त हैदराबाद, नोएडा आणि पुणे इथे झाला. एकाच वेळी इतक्या गोष्टी बदलल्यावर श्रेय कुणाला द्यायचं? रिसर्चच्या भाषेत ही घोटाळ्याची चलं, म्हणजे कन्फाउंडर. वर संघ दोनच. दोन संघांवर सिद्धांत उभा करायचा नसतो.

पुणे खाली का आलं?

फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला. फार उंच आईवडिलांची मुलंही उंच, पण सरासरीच्या थोडी जवळ. याला आपण सरासरीकडे परतणं म्हणतो. कारण साधं आहे: पहिला येणारा बहुतेक वेळा ताकदवानही असतो आणि त्या वर्षी नशीबवानही. ताकद पुढच्या वर्षी सोबत येते, नशीब येईलच असं नाही.

पुणे सरासरीच्या ७.५ ने वर होतं. त्यातला पाऊण हिस्सा खरा धरला तर ५.६. म्हणजे पुढच्या हंगामासाठी आपला अंदाज १८.५ नाही, १६.६ विजयांचा. कुणालाही दुखापत न होता, कुणीही संघ न सोडता साधारण दोन विजय कमी होणारच होते. हा नशिबाचा वाटा. पण १६.६ विजय मिळवणारा संघ पहिल्या सहांत आरामात बसतो. त्यामुळे बाकीच्या घसरणीसाठी दुखापत, लिलाव किंवा नव्या हंगामातलं नवं दुर्दैव यांच्याकडे बघावंच लागतं. नल मॉडेलचं काम कारणं फेटाळणं हे नाही. कारणांना नेमकं किती स्पष्ट करायचं उरलंय, ते सांगणं हे आहे.

बर्फावर काय होतं?

ही पद्धत इतर खेळांनाही लावता येते आणि तिथे एक गंमत दिसते. मायकेल मॉबूसिन यांनी 'द सक्सेस इक्वेशन' (२०१२) या पुस्तकात हाच हिशोब अमेरिकेतल्या लीगसाठी मांडला. नशिबाचा वाटा बास्केटबॉलमध्ये सुमारे १२ टक्के, तर आइस हॉकीत सुमारे ५३ टक्के. तेही हंगामात ८२ सामने असून! आशियातही २००३ पासून जपान आणि दक्षिण कोरियाच्या क्लबांभोवती आइस हॉकीची लीग चालते. तिचा तक्ता वाचतानाही हेच ध्यानात ठेवावं लागेल.

हॉकीत नशीब जास्त का? आइस हॉकीच्या सामन्यात दोन्हीकडचे मिळून साधारण पाच-सहा गोल होतात. कबड्डीत दहाव्या हंगामाच्या प्लेऑफचे पाच सामने बघा: ३७-३५, ४२-२५, ३७-२१, ३१-२७, २८-२५. सरासरी ६१ च्या वर गुण. आता समजा एक संघ थोडा सरस आहे, प्रत्येक गुण त्याला मिळण्याची शक्यता ५५ टक्के. ५ गोलांचा सामना तो साधारण ५९ टक्के वेळा जिंकेल. ६१ गुणांचा सामना मात्र साधारण ७८ टक्के वेळा. ताकद तीच, फक्त मोजमापं जास्त. अर्थात कबड्डीत एका रेडमध्ये दोन-तीन गुण येतात, लोणचे दोन गुण एकदम पडतात, त्यामुळे गुण एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत आणि खरी नमुनासंख्या ६१ पेक्षा कमीच धरावी लागेल. तुमच्या प्रयोगातही एकाच झाडाची दहा पानं मोजली म्हणजे दहा नमुने झाले असं नसतं.

याचा तुमच्याशी काय संबंध?

राहुरीच्या कृषी विद्यापीठात किंवा कुठेही पिकाच्या वाणांची चाचणी घेतात तेव्हा एका हंगामात पहिला आलेला वाण लगेच शेतकऱ्याच्या हातात देत नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणी, अनेक हंगाम, पुनरावृत्ती करून बघतात. कारण एका वर्षाच्या पहिल्या नंबरात त्या वर्षाच्या पावसाचं नशीबही असतं, आणि चुकीचा वाण निवडला तर त्याची किंमत शेतकरी मोजतो. गावच्या मैदानावर एक हंगाम चमकलेला पोरगा कॉलेज सोडून पूर्णवेळ खेळायला निघतो, किंवा एक हंगाम वाईट गेला म्हणून दुसरा कायमचा घरी बसतो, तेव्हाही निर्णय एकाच तक्त्यावर झालेला असतो. खेळाडूचं एक वर्ष म्हणजे वीस-बावीस नाण्यांचा डाव, एवढं तरी त्याला कुणीतरी सांगायला हवं.

आता गृहपाठ. तुमच्या आवडीच्या कुठल्याही लीगचा एक पूर्ण हंगाम घ्या. बेरजा जुळतात का बघा. विजयांचा व्हेरियन्स काढा. त्यातून सामन्यांची संख्या भागिले ४ वजा करा. उरलेलं भागिले एकूण, हा ताकदीचा वाटा. मग पुढच्या हंगामाचा अंदाज कागदावर लिहून ठेवा, आणि त्यानंतरच पुढचा तक्ता उघडा. अंदाज आधी, तक्ता नंतर. हा क्रम उलटला तर सगळा हिशोब वाया जातो.