केसपेपर मोफत, तरी पावलं कोपऱ्यावरच्या दवाखान्याकडेच

१ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन जवळ आला की वयवंदना कार्डाच्या शिबिरांचे फलक झळकू लागतात आणि सत्तरी ओलांडलेली मंडळी आधार कार्ड घेऊन रांगेत उभी राहतात. उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंतचं कवच. ऑक्टोबर २०२४ पासूनचा हा मथळा आता सगळ्यांना पाठ आहे. कार्ड जरूर काढावं. पण ते खिशात घालून घरी परतणाऱ्या आजोबांना एक गोष्ट कुणीतरी स्पष्ट सांगायला हवी. हे पैसे अ‍ॅडमिट झाल्यावरचे आहेत. डायलिसिस, केमोथेरपीसारखे एका दिवसाचे उपचार त्यात धरले जातात. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी आल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्चही बसतो. महिन्याची बीपीची गोळी, शुगरची तपासणी, गुडघ्याचा एक्स-रे आणि डॉक्टरांची फी मात्र आपल्याच खिशातून. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले योजनेचाही भर रुग्णालयातल्या उपचारांवरच आहे.

म्हातारपणाचं दुखणं तर बहुतेक ओपीडीतच असतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५व्या फेरीत मागच्या पंधरा दिवसांत आजारी पडल्याचं सांगणारे एकूण लोकसंख्येत साडेसात टक्के होते. साठीपुढच्यांत हेच प्रमाण २७.७ टक्के निघालं. त्याच पाहणीत, सगळ्या वयांचे आजार मिळून, सरकारी दवाखान्यात उपचार झाले ते सुमारे ३० टक्के. खासगी डॉक्टर आणि छोटे दवाखाने यांच्याकडे ४३ टक्के, खासगी रुग्णालयांत २३ टक्के.

आणि हे महाराष्ट्रात आजही पुरतं बदललेलं दिसत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. बदलापूर पश्चिमेच्या बेलवलीत राहणाऱ्याला सरकारी सोय नाही असंही नाही. बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय आहे, अंबरनाथचं छाया रुग्णालय आहे, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आहे. तरी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बाकावर जागा नसते. लोकांचा सरकारी दवाखान्यांवर विश्वास नाही, एवढं म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघे गेलेल्या पंचाहत्तरीच्या आजींचा हिशेब मांडून पाहा. जिना उतरायचा. शेअर रिक्षाने स्टेशन गाठायचं. अंबरनाथला जायचं तर पूल चढायचा, गाडीत शिरायचं, उतरून पुन्हा रिक्षा. सकाळीच नंबर लावायचा, डॉक्टरांसमोर दोन मिनिटं बसायचं, मग औषधांच्या खिडकीपुढे दुसरी रांग. रक्ताचा रिपोर्ट उद्या. म्हणजे हे सगळं उद्या परत. पावसाळ्यात बेलवलीच्या भुयारी मार्गात पाणी साचलं की पूर्वेकडच्या दवाखान्याचं नावच काढायला नको. फुकटच्या केसपेपरसाठी रिक्षाचे दीडशे-दोनशे आणि सुनेचा किंवा लेकीचा अख्खा दिवस गेला, तर ते फुकट कसं?

आणि सोबत कोण येणार? मुलगा सकाळच्या लोकलने गेलेला. ‘रविवारी जाऊ’ म्हणतो, पण रविवारी सरकारी ओपीडी बंद. मग आजी दुखणं अंगावर काढतात. विधवा बायकांत हे फार दिसतं; स्वतःसाठी कुणाला रजा घ्यायला लावणं त्यांच्या जिवावर येतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड अँडरसन यांनी १९६८ मध्ये उपचार घेण्यामागची कारणं तीन गटांत मांडली होती: माणसाची मूळची घडण आणि समजुती, हाताशी असलेली साधनं, आणि प्रत्यक्ष गरज. आजही या विषयावरचे अभ्यास तीच चौकट वापरतात. ‘साधनं’ म्हटलं की आपण पैसे आणि विमा मोजतो. आमच्या या पट्ट्यात पहिलं साधन म्हणजे हात धरून नेणारं माणूस.

मग उरतो तो जवळचा डॉक्टर, आणि या पसंतीत मला मोठा शहाणपणा दिसतो. अशा दवाखान्यात थोडा वेळ बसून पाहावं. आजोबा आत जातात, प्लास्टिकच्या पिशवीतून गोळ्यांच्या अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, दोन वर्षांपूर्वीचा ईसीजी आणि पिवळी पडलेली चिठ्ठी टेबलावर ठेवतात. डॉक्टर चिठ्ठीकडे न बघताच विचारतात, ‘काका, मागच्या वेळी चक्कर आली होती, ती गोळी अर्धी केली ना?’ ‘केली की, पण सूनबाई म्हणते पूर्णच घ्या.’ ‘नाही, अर्धीच. पाय दाखवा, सूज आहे का?’ हा संवाद कुठल्याच केसपेपरवर लिहिलेला नसतो. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ असं म्हणतात, त्यात या ओळखीचा वाटा मोठा असतो.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. नॉर्वेत सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अभ्यास ‘ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस’मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच फॅमिली डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ जाणाऱ्यांत, नवा डॉक्टर धरलेल्यांच्या तुलनेत, तातडीने दाखल व्हावं लागण्याची आणि मृत्यूची शक्यता पाव हिश्श्याच्या आसपास कमी आढळली. अशा आकड्यांतून कार्यकारण थेट सिद्ध होत नाही, हे मान्य. पण एखाद्या गोळीने एवढं केलं असतं तर सरकारने ती घरोघर वाटली असती.

बदलापूरची खरी अडचण इथेच आहे. २००१ मध्ये ९८ हजारांच्या आसपास असलेलं हे गाव २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. वाढले ते बरेचसे लालबाग-परळहून, डोंबिवली-ठाण्याहून स्वस्त घरासाठी आलेले. घर आलं, डॉक्टर तिकडेच राहिले. म्हणून ६८ किलोमीटरवरच्या मुंबईतली केईएमची जुनी फाइल जपत लोकलने परळ गाठणारे आजोबा इथे आहेत. रेल्वेचे पेन्शनर कल्याणच्या रेल्वे रुग्णालयाचा आधार धरतात. ज्यांना यातलं काही नाही, ते नव्या डॉक्टरशी ओळख जमवत बसतात, आणि त्या मधल्या काळात गोळ्या चुकतात.

खासगी दवाखान्यात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. विनाकारण सलाईन, प्रत्येक खेपेला इंजेक्शन, गुडघ्यासाठी महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या हे प्रकार चालतात आणि म्हाताऱ्या मूत्रपिंडांना ते महागात पडतं. त्यावर उपाय सरकारी ओपीडी ओळखीची करणं हाच. एकच डॉक्टर आणि एकच परिचारिका वर्षानुवर्षं बसावी, दर सहा महिन्यांनी माणूस बदलू नये.

हे अशक्य नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सुरुवातीला महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे घेतले होते. तिथे भर होता तो ठरलेल्या मोजक्या औषधांवर, साठा संपू न देण्यावर, ३० दिवसांच्या गोळ्या एकदम हातात देण्यावर आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करण्यावर. मोठं यंत्र लागत नाही, मोठी इमारत लागत नाही. वेळेचंही तसंच. १ मे २०२३ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ची वेळ दुपारी २ ते रात्री १० अशी ठरवली गेली, ती मला त्या योजनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. कामावरून परतलेली लेक आईला घेऊन आठ वाजता जाऊ शकते. हीच वेळ ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीने आठवड्यातून दोन दिवस जरी पाळली, आणि रविवारची सकाळ साठीपुढच्यांसाठी राखली, तरी बेलवलीतल्या कितीतरी घरांचा प्रश्न सुटेल.

वॉर्डात मतं मागायला कुणी आलं की ज्येष्ठ नागरिक संघांनी कार्डांचा आकडा विचारू नये. संध्याकाळची ओपीडी कधीपासून आणि बीपीच्या गोळ्या एका वेळी किती दिवसांच्या, ते विचारावं, आणि उत्तर लेखी घ्यावं.